रविवार कोणाचा?

(सामान्य काळातील पंचविसावा रविवार. शुभवर्तमान : संत मत्तय 20:1-16)

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,



आजच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचा धनी दिवसातून पाच वेळा नाक्यावर जातो. पहाटे जातो, नऊला, बाराला, तिनाला आणि शेवटी पाच वाजता. शेवटच्या खेपेला त्याला काही माणसे तशीच उभी दिसतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे तो विचारतो. त्यांचे उत्तर अगदी लहान आहे. आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही, एवढेच ते सांगतात.

हे उत्तर समजून घ्यायला पॅलेस्टाइनला जायची गरज नाही. आपल्या स्टेशनजवळच्या नाक्यावर सकाळी आठ वाजता नजर टाकावी. थापी, घमेले, रंगाचे ब्रश घेऊन माणसे उभी असतात. टेम्पो येतो, मुकादम दोघातिघांकडे बोट दाखवतो, टेम्पो निघून जातो. अकरा वाजले की उरलेल्यांना कळते की आजचा दिवस गेला. तरी ती माणसे लगेच घरी जात नाहीत. रिकाम्या हातांनी इतक्या लवकर दारात उभे राहायची लाज वाटते. मजुरी बुडाल्याचे दुःख असतेच. पण आपण कोणालाच नको आहोत, हे दुःख त्याहून खोल असते. धन्याने त्यांना दिनार दिला तो संध्याकाळी. पाच वाजता त्याने दिले ते बोलावणे. तुम्हीही या, असे कोणीतरी त्यांना म्हणाले.

त्या बोलावण्याविषयी आज आम्हांला लिहायचे आहे. कारण गेल्या काही महिन्यांत आपल्या धर्मग्रामात असेच एक बोलावणे झाले, आणि त्यावरून थोडी कुजबुजही झाली.

आपणांस ठाऊक आहे की उपवासकाळात घरकाम करणाऱ्या काही भगिनींनी रविवारी दुपारी एक तास पॅरिश हॉल मिळावा, अशी विनंती केली. पॅरिश कौन्सिलने चर्चा करून ती मान्य केली. पहिल्या रविवारी अकरा जणी आल्या. त्यांतल्या काही आपल्या धर्मग्रामातील, काही इतर धर्मांच्या. त्या दिवशी पगाराचा विषय निघालाच नाही. प्रत्येकीने आपले नाव सांगितले, गाव सांगितले, किती घरी काम करते ते सांगितले. एवढ्यातच तास संपला. त्यांतली एक भगिनी चौदा वर्षे आपल्या चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला येत आहे. ती आम्हांला म्हणाली, “फादर, चौदा वर्षांत इथे मला माझे नाव पहिल्यांदा कोणी विचारले.”

हे वाक्य ऐकून आम्हांला बरे वाटले नाही. ते आमच्यावरचे गाऱ्हाणे होते, जरी ती ते आनंदाने सांगत होती. चौदा वर्षे आम्ही ‘शांती असो’ म्हणून हात जोडतो, एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेतो, आणि शेजारच्या बाकावरच्या बाईचे नाव आम्हांला ठाऊक नसते.

त्यानंतर त्यांच्या बैठका होत राहिल्या. त्यांनी काही मागण्या एका वहीत लिहिल्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी. आजारपणात खाडा धरून पैसे कापू नयेत. कामावरून काढायचे तर महिनाभर आधी सांगावे. आणि चहा द्यायचा तर वेगळ्या ठेवलेल्या कपातून देऊ नये. यांतील शेवटची मागणी वाचून एक पैसाही कोणाचा जास्त जाणार नाही, हे आपल्या लक्षात येईल.

मग दानपेटीत आम्हांला एक चिठ्ठी मिळाली. तिच्याखाली नाव नव्हते. ‘चर्चमध्ये राजकारण आणि युनियनबाजी नको’ असे तिच्यात लिहिले होते. लिहिणाऱ्यावर आमचा राग नाही. हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो पुष्कळांच्या मनात असतो. म्हणून त्याला उघडपणे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट. ज्या रविवारी आपण निवांतपणे मिस्सेला येतो, तो रविवार या मुंबई इलाख्यातील गिरणी कामगारांना कोणी सहज दिलेला नाही. सरकारी कचेऱ्यांना रविवारी सुट्टी असे. कापड गिरणीतला कामगार मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रापाशी उभा राही आणि त्याला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्यात जन्मलेले गृहस्थ महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी होते. एका गिरणीत ते भांडारपाल होते, म्हणून कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. नोकरी सोडून त्यांनी 1880 पासून ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र मुंबईतून चालवले. 1884 साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, यंत्रावर जखमी झालेल्याला मदत, अशा त्या मागण्या होत्या. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे 1897 साली मुंबईत प्लेगची साथ असताना, रोग्यांची सेवा करता करता लोखंडे त्याच रोगाने वारले.

लोखंडे ख्रिस्ती नव्हते. त्या कामगारांपैकी अनेकांच्या घरी रविवार हा खंडोबाचा वार होता. तरीही देवाने सिनाय पर्वतावर दिलेली आज्ञा त्यांच्या हातून आपल्या शहरात पाळली गेली, असे म्हणायला आम्हांला संकोच वाटत नाही. कारण शब्बाथाची आज्ञा नीट वाचावी. ती फक्त घरधन्याला विसावा घ्यायला सांगत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, परदेशी पाहुणा, इतकेच काय, बैल आणि गाढव यांनाही ती विसावा देते. अनुवादाच्या पुस्तकात तर त्याचे कारणही दिले आहे. तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, याची आठवण ठेवा, असे देव आपल्या प्रजेला सांगतो. ज्याला आपल्या गुलामगिरीचा विसर पडतो, तो दुसऱ्याचा रविवार खातो.

त्याच मिसर देशात विटा पाडणाऱ्या इस्राएली मजुरांचे नायक फारोकडे गाऱ्हाणे घेऊन गेले होते. आम्हांला पेंढा मिळत नाही, विटांची संख्या मात्र तेवढीच मागतात आणि वर मारही आम्हांलाच, असे त्यांचे म्हणणे होते. फारोचे उत्तर काय होते? तुम्ही आळशी आहात! आजही कोणी सुट्टी मागितली की आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा.

दुसरी गोष्ट. ख्रिस्तसभेने कामगारांच्या संघटनेला कधीच परके मानू नये, अशी खुद्द परमगुरूंची शिकवण आहे. मुंबईत रविवारची सुट्टी मिळाली त्यानंतर वर्ष भरायच्या आत, 15 मे 1891 रोजी, परमगुरू तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. मजुराला कुटुंब चालवता येईल असे वेतन मिळाले पाहिजे आणि कामगारांना आपली संघटना उभारण्याचा नैसर्गिक हक्क आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मात्र वर्गावर्गांत द्वेष पेटवणे त्यांना मान्य नव्हते. बाराव्या पायस यांनी 1955 साली 1 मे हा कामगार संत योसेफाचा सण म्हणून ठरवला. स्वतः दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम केलेले दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली मानवी श्रमावर विश्वपत्र लिहिले आणि कामगार संघटना ही समाजजीवनाची गरज आहे, असे शिकवले. आणि 2025 साली निवडून आलेल्या परमगुरूंनी ‘चौदावे लिओ’ हे नाव घेतले, तेव्हा तेराव्या लिओंच्या त्या विश्वपत्राची आठवण त्यांनी स्वतःच करून दिली.

आता धर्मगुरूविषयी. धर्मगुरूने राजकीय पक्षात किंवा युनियनच्या कारभारात पुढारीपण करू नये, असा ख्रिस्तसभेच्या कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे आणि तो योग्य आहे. लोकहितासाठी फार गरज पडली तर वरिष्ठ अपवाद करू शकतात. म्हणून आम्ही त्या बैठकीत खुर्ची घेऊन बसत नाही. हॉलची किल्ली देतो आणि बाहेर येतो. पण जो नियम धर्मगुरूंना आवरतो, तो प्रापंचिकांना आवरत नाही. उलट, समाजात न्याय आणणे हे तर बाप्तिस्मा झालेल्या प्रापंचिकांचे खास काम आहे. वसईतील पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत हरित वसईच्या चळवळीत शेकडो साधी माणसे रस्त्यावर उतरली, ती आपली वडीलधारी माणसे अजून त्या दिवसांविषयी बोलतात. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. किती विहिरी वाचल्या याचा हिशेब ते क्वचित मांडतात. कोण कोणाबरोबर होते, कोणाच्या घरून भाकऱ्या आल्या, हे मात्र ते विसरत नाहीत.

यातच आमचा तिसरा आणि मुख्य मुद्दा आहे. न्यायासाठी माणसे एकत्र येतात तेव्हा त्यांना न्याय मिळतो तेव्हा मिळो, पण त्याआधी त्यांना एकमेकांची सोबत मिळते आणि जगण्याला एक कारण मिळते.

अमेरिकेतील डोरोथी डे यांचे जीवन याची साक्ष आहे. त्यांचा जन्म 1897 चा. तरुणपणी त्या न्यूयॉर्कमध्ये कामगारांच्या बाजूच्या वृत्तपत्रांत बातमीदार होत्या. स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी 1917 साली त्या तुरुंगातही गेल्या. मुलीच्या जन्मानंतर त्यांचे मन देवाकडे वळले आणि 1927 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. त्यासाठी ज्याच्यावर प्रेम होते त्या माणसापासून त्यांना दूर व्हावे लागले. चळवळीतले जुने सोबती दुरावले आणि चर्चमध्ये नवे सोबती भेटले नाहीत. प्रार्थना होती, विश्वास होता, पण त्या एकट्या होत्या. 1932 च्या डिसेंबरमध्ये बेकारांचा मोर्चा वॉशिंग्टनला गेला, तेव्हा त्या बातमी लिहिण्यासाठी तिथे होत्या. रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी तो मोर्चा पाहिला. आपले कॅथलिक लोक यांच्यात कुठे आहेत, असा प्रश्न त्यांना छळू लागला. 8 डिसेंबर हा पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. त्या दिवशी तेथील मरियामातेच्या मंदिरात गुडघे टेकून त्यांनी रडत प्रार्थना केली की, माझ्याजवळ जे काही आहे ते गरिबांसाठी आणि कामगारांसाठी वापरण्याची वाट मला दाखव.

त्या न्यूयॉर्कला परतल्या तेव्हा पीटर मॉरिन नावाचे, शेतकरी कुटुंबात जन्मलेले एक फ्रेंच गृहस्थ त्यांचा शोध घेत आले होते. दोघांनी मिळून 1 मे 1933 रोजी ‘कॅथलिक वर्कर’ हे पत्र काढले. पहिल्या अंकाच्या अडीच हजार प्रती होत्या आणि किंमत एक सेंट. पत्रातून चळवळ उभी राहिली. बेकारांसाठी, बेघरांसाठी घरे उघडली गेली. त्या घरांत सूप ढवळणारा आणि सूप पिणारा एकाच टेबलावर बसू लागला. 1973 साली, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, कॅलिफोर्नियात संपावर गेलेल्या मजुरांसोबत उभ्या राहिल्या म्हणून त्यांना अटक झाली आणि जवळजवळ दोन आठवडे त्या तुरुंगात होत्या. ते मजूर कुठले होते? द्राक्षमळ्यातले! उन्हाची टोपी घातलेली एक म्हातारी घडीच्या लहान स्टुलावर शांत बसली आहे आणि दोन्ही बाजूंना कमरेला पिस्तूल लावलेले पोलीस उभे आहेत, असे तिचे छायाचित्र जगभर गाजले. 1980 साली त्या देवाघरी गेल्या. आज त्यांना संतपद देण्याविषयीची प्रक्रिया चालू आहे.

माणूस हा एकट्याने जगण्यासाठी घडलेला नाही, तो नगरात, चारचौघांत मिसळूनच माणूस होतो, असे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने फार पूर्वी मांडले. आपला विश्वास त्याच्या पुढे जातो. आपला देवच मुळी एकटा नाही; तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे. त्याच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाला ‘मी’ म्हणून पूर्णता लाभत नाही. चार घरची भांडी घासणारी बाई दिवसभर बंद दारांआड एकटीच असते. गिरणी कामगाराला निदान शेजारच्या यंत्रावर सोबती होता. हिला कोण आहे? ती हॉलमध्ये येऊन दुसरीच्या शेजारी बसते, तेव्हा पहिल्यांदा ‘आम्ही’ हा शब्द उच्चारते. बंधुभगिनींनो, ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना त्याच शब्दाने सुरू होते.

पण आम्ही भाबडेपणाने बोलत नाही. संघटनेलाही पाप शिवते. पुढारी स्वतःच्या खुर्चीसाठी संघटना वापरतात. द्वेष पेटवला की माणसे लवकर जमतात, हेही आम्ही पाहिले आहे. आजच्या दाखल्यातच त्याची खूण आहे. पहाटेपासून राबलेले मजूर कुरकुरतात, तेव्हा त्यांची मजुरी बुडालेली नसते. ठरलेला दिनार त्यांना मिळालेला असतो. शेवटी आलेल्याला धन्याने आपल्या बरोबरीला बसवले, हे त्यांना सलते. काही जण हा दाखला कामगारांच्या विरुद्ध वापरतात. पण प्रभू इथे मजुरी मागणाऱ्याला दोष देत नाही, दुसऱ्याची भाकरी पाहून जळणाऱ्याला देतो. तेव्हा कुठलीही संघटना खरी की खोटी, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पाच वाजता आलेल्यासाठी ती बोलते का? कायम नोकरीतला माणूस कंत्राटी पोरासाठी, गावचा माणूस परप्रांतीय मजुरासाठी, पुरुष स्त्रीसाठी उभा राहतो का? राहत असेल तर त्या संघटनेत देवाच्या राज्याचा वास आहे.

आता एक गोष्ट सांगून आवरते घेतो. ती सांगायला आम्हांला थोडी शरम वाटते. दोन महिन्यांपूर्वी त्या भगिनी मागण्यांची वही घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही ती वाचली, मान डोलावली, चांगले आहे म्हणालो. तेव्हा त्यांतली सर्वांत तरुण मुलगी हळूच म्हणाली, “फादर, तुमच्या घरी जेवण करणाऱ्या मावशींना रविवारी सुट्टी असते का?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. मावशी नऊ वर्षे पॅरिश हाऊसमध्ये स्वयंपाक करतात. रविवारी आमच्याकडे पाहुणे जास्त, म्हणून रविवारी त्यांना काम जास्त. सकाळच्या मिस्सेत आम्ही वेदीवरून प्रभूच्या दिवसाची थोरवी सांगत असू आणि त्या वेळी मावशी आमच्यासाठी मासे साफ करत असत. त्यांना मिस्सा मिळे ती शनिवारी संध्याकाळची, तीही घाईची. त्यांनी कधी तक्रार केली नाही. आम्ही कधी विचारले नाही. संत याकोब आपल्या पत्रात सांगतो की, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी प्रभूच्या कानी जाते. अडवून ठेवलेला रविवारही ओरडत असणार. आमच्या कानी मात्र तो नऊ वर्षे आला नाही. एका मुलीला तिच्या दहा सोबतिणींमुळे बळ आले, म्हणून तो आला. एकटी असती तर ती बोललीच नसती.

आम्ही मावशींची क्षमा मागितली. गेले सात रविवार आम्ही आणि सहायक फादर मिळून स्वयंपाक करतो. भात कधी कच्चा राहतो, कधी करपतो. पाहुण्यांनी सांभाळून घ्यावे! मावशी आता सकाळी आठच्या मिस्सेला आपल्या नातवंडांना घेऊन तिसऱ्या बाकावर बसतात.

म्हणून आज आम्ही आपणांकडे तीन गोष्टी मागतो. ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी आज घरी गेल्यावर तिच्याशी सुट्टीविषयी बोलावे. तिने मागायची वाट पाहू नये. घरेलू कामगारांसाठी आपल्या राज्यात 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण त्याखाली नोंदणी करावी लागते. आपल्या शिकलेल्या तरुण-तरुणींनी रविवारी दुपारी तासभर येऊन त्या भगिनींना अर्ज भरायला मदत करावी. आणि ज्यांनी ती चिठ्ठी लिहिली, त्यांना आमचे मनापासून निमंत्रण आहे. आपण एकदा त्या हॉलमध्ये या, मागच्या खुर्चीवर बसा आणि ऐका. त्यानंतरही आपले मत तेच राहिले, तर आमच्याकडे या. चहा घेत बोलू, आणि सर्वांचे कप एकसारखे असतील.

हे प्रभू येशू, तू नाझरेथमध्ये सुताराच्या घरी घाम गाळलास आणि मजुरांचे हात कसे असतात ते तुला ठाऊक आहे. दिवस कलला तरी ज्यांना कोणी बोलावले नाही, त्यांच्याकडे तू अजून जात असतोस. आम्हांलाही तुझ्याबरोबर नाक्यावर ने. ज्यांची नावे आम्ही विचारली नाहीत, त्यांची नावे आम्हांला शिकव. तुझा रविवार सर्वांचा होवो. आमेन.

प्रभूसेवेत आपला,
प्रमुख धर्मगुरू